साबांची पणजी कुठल्या गावची? (स्कॉटलंड-आयर्लंडच्या जुन्या नोंदी)

अबोली_क्लाइडकाठ
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं ग्लासगोजवळ राहतेय, नवरा इथलाच. साबा (सासूबाई) ऐंशीला टेकल्यात आणि या हिवाळ्यात त्यांनी एकच धोशा लावलाय: माझी पणजी आयर्लंडात कुठल्या गावची, ते मला डोळे मिटायच्या आत कळू दे.

हाताशी काय? शॉर्टब्रेडचा एक पत्र्याचा डबा. त्यात जपमाळ आणि एक फोटो. फोटोत विशीतली मुलगी, बाह्या उशीसारख्या फुगलेल्या, मागे काही लिहिलेलं नाही. साबा म्हणतात हीच पणजी. बाकी घरात चालत आलेली गोष्ट: नाव ब्रिजेट, माहेरचं आडनाव गॅलाहर, डोनेगॉलहून बटाटे काढणाऱ्या टोळीबरोबर आली ती परत गेलीच नाही.

नवऱ्याने दोन संध्याकाळी घालवून १८८१ ची जनगणना काढली. ग्लासगोच्या गोर्बल्स भागातल्या एका खोलीत ब्रिजेट मिळाली, वय २६. नवरा, दोन पोरं आणि वर एक भाडेकरू, सगळे त्याच खोलीत. जन्मस्थानाच्या रकान्यात एकच शब्द, आयर्लंड. आणि डोनेगॉलमध्ये गॅलाहर शोधायची म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधायचा.

वंशावळ काढून देणाऱ्या एकाने शेकड्यांत पौंड सांगितलेत. द्यावेत का? की घरबसल्या काही जमेल?

टपरीवाला
पहिला! चहा घेऊन बसतोय. चालू द्या.

डंडीकर_आजोबा
अबोली, एक पेनीसुद्धा देऊ नकोस. निदान आत्ता तरी.

जनगणना सोड, आधी तिच्या लग्नाचा दाखला काढ. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची आहे आणि इथल्या कारकुनांनी इंग्लंडच्या कारकुनांपेक्षा कितीतरी जास्त विचारून ठेवलंय. लग्नाच्या दाखल्यात वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव धरून. मृत्यूच्या दाखल्यातही मयताचे आईवडील असतात, सांगणाऱ्याला माहीत असतील तर. इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्यूच्या दाखल्यात हे शोधून दाखव!

स्कॉटलंड्सपीपल ही सरकारी साइट आहे. एका नोंदीच्या चित्राला दीडेक पौंड पडतो. ऑनलाइन चित्र दिसायला जन्माला शंभर, लग्नाला पंचाहत्तर, मृत्यूला पन्नास वर्षं उलटलेली लागतात. तुझी ब्रिजेट सगळ्यांत बसते.

१८५५ या एकाच सालात जन्मलेलं कुणी घराण्यात निघालं तर लॉटरी समज. त्या वर्षीच्या जन्मदाखल्यात आईबापांची वयं, त्यांची जन्मगावं, त्यांचं लग्न कधी-कुठे झालं, आधीची मुलं किती, त्यातली गेलेली किती, सगळं. कारकून इतके वैतागले की १८५६ पासून यातलं बरंचसं गाळलं. लग्नाची तारीख तेवढी १८६१ पासून परत आली.

मृण्मयी_ठाणे
आजोबा, हे आईचं माहेरचं आडनाव म्हणजे खरंच? सरकारी कागदावर? १८७० च्या सुमारास?

डंडीकर_आजोबा
खरंच. इथे लग्नानंतरही बाईचं माहेरचं नाव कायद्याच्या कागदावरून पुसलं जात नाही. विधवेच्या मृत्यूची नोंद दोन्ही आडनावांखाली सापडते. जुन्या थडग्यांवरसुद्धा 'अमक्याची बायको' असं लिहून नाव मात्र माहेरचं.

मृण्मयी_ठाणे
आणि आमच्या कुलवृत्तांतात माझ्या पणजीसमोर छापलंय 'पत्नी: लक्ष्मी'. माहेरचं आडनाव नाही, गाव नाही. शिवाय लक्ष्मी हे सासरचं नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं. माहेरी तिला काय म्हणत ते सांगणारं कुणी उरलं नाही. मुलगे आठ पिढ्या मागेपर्यंत ओळीने, मुली 'कन्या दोन' म्हणून संपवल्यात.

फटकळ_मावशी
सगळं ठीक आहे, पण अबोली, तू स्वतःच्या माहेरची वंशावळ केलीस का गं? गोऱ्यांच्या पणज्या शोधायला आपण, आणि आपल्या?

अबोली_क्लाइडकाठ
केली हो मावशी. बाबांबरोबर त्र्यंबकेश्वरला जाऊन उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही पाहून आले. पंधरा मिनिटांत काम. त्यांनी फक्त गाव आणि आडनाव विचारलं. इथे नेमकं गावच नाही ना! आणि साबांची पणजी माझ्या लेकीची कोण लागते, ते मोजा बरं.

फटकळ_मावशी
मोजलं. मागे घेते. 🙂

शिवणटिपण
अवांतर वाटेल, पण तो फोटो जरा नीट बघा. बाह्या खांद्याशी फुग्यासारख्या आणि कोपराखाली घट्ट आहेत का? तशा बाह्यांची फॅशन १८९५ च्या आसपास शिगेला होती. फोटोची तारीख काढायला कपडे फार कामाला येतात.

अबोली_क्लाइडकाठ
हो, अगदी तशाच! धन्यवाद, हे डोक्यातच आलं नव्हतं.

खडकीचा_दगड
आमच्याकडे उलटा प्रवाह आहे. दर हिवाळ्यात एखादं स्कॉटिश जोडपं पुण्यात येतं आणि खडकीच्या गोऱ्यांच्या दफनभूमीत खापरपणजोबा शोधत फिरतं. त्यांना मी सांगतो, आधी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत बघा. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नकला कंपनीच्या काळापासून विलायतेला जात. त्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, एन/३ मालिकेत. दगड झिजतो, नक्कल टिकते.

२३ सप्टेंबर १८०३ ला मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत ७४ वी आणि ७८ वी हायलँड पलटण होती. ७४ व्या पलटणीची तिथे अक्षरशः कत्तल झाली. त्यांच्या बिल्ल्यावर पुढे हत्ती आला आणि खाली असई. जालना जिल्ह्यातल्या गावाचं नाव, आणि घरच्यांना ते उच्चारताही येत नसणार.

सातारी_कंदी
स्कॉट म्हटलं की आपल्याला ग्रँट डफ! तोही तिकडचाच ना?

खडकीचा_दगड
बॅन्फचा. जन्म १७८९. डफ हे त्याच्या आईचं माहेरचं नाव. मृण्मयीताई, नोंद घ्या.

मृण्मयी_ठाणे
घेतली. 😀

लिमरिकचा_लिमये
आता आयर्लंडकडे वळू. इथे नऊ वर्षं आहे आणि बायकोच्या नादाने यात पडलो.

आधी वाईट बातमी. ३० जून १९२२. यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीत स्फोट होऊन आग लागली आणि शेजारचं सरकारी दफ्तरखाना जळून गेलं. सातशे वर्षांचे कागद. १८२१ ते १८५१ च्या चारही जनगणना जवळजवळ संपूर्ण गेल्या, फुटकळ पानं उरली. १८६१ आणि १८७१ च्या त्याआधीच सरकारने हुकूम काढून नष्ट केल्या होत्या. १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई म्हणून लगद्यात गेल्या. आयर्लंडची पहिली पूर्ण शाबूत जनगणना १९०१ ची, मग १९११ ची. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहेत.

जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी इथे १८६४ पासून. अबोलीची ब्रिजेट १८५५ च्या आसपासची, म्हणजे जन्मदाखला असणं शक्य नाही. उरली कॅथलिक पॅरिशची (एका चर्चखालच्या इलाख्याची) बाप्तिस्म्याची वही. तिची चित्रं नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये फुकट खुली केलीत. पण वह्या पॅरिशवार आहेत. पॅरिश माहीत नसेल तर समुद्रात सुई.

जमिनीसाठी ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४. आयर्लंडचा सातबाराच म्हणा. कूळ कोण, मालक कोण, क्षेत्र किती, आकार किती. बायकापोरं नाहीत, फक्त कुटुंबप्रमुख. आणि गावाच्या जागी टाउनलँड. टाउनलँड म्हणजे आपली वाडी. देशात साठ हजारांवर आहेत, आणि एकाच नावाच्या डझनभर. तेव्हा वाडी आणि पॅरिश दोन्ही हवं.

टपरीवाला
लिमरिकमध्ये लिमये! हे कुणी ठरवून केलं?

लिमरिकचा_लिमये
नोकरी देणाऱ्याने. पुढचा विनोद करू नका, सगळे ऐकून झालेत.

अंजनगावची_सुर्जी
जनगणना लगद्यात घातली?? आमच्या ग्रामपंचायतीत निदान उंदीर तरी खातात.

लिमरिकचा_लिमये
आता गंमत ऐका. १९०१ आणि १९११ च्या जनगणना शेजारी ठेवल्या की दिसतं, माणसं दहा वर्षांत सोळा-सतरा वर्षांनी म्हातारी झालीत. बायकोचे खापरपणजोबा १९०१ ला ५४ आणि १९११ ला ७१. कारण १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी ओलांडलेल्यांना म्हातारपणाचं पेन्शन सुरू झालं.

आणि वय सिद्ध कसं करायचं? जन्मदाखले १८६४ च्या आधीचे नाहीतच. म्हणून माणूस अर्ज करायचा: १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत मी पोर म्हणून आहे का बघा. डब्लिनचा कारकून मूळ वही उघडून बघायचा आणि जे दिसलं ते अर्जावर लिहायचा. पुढे मूळ वह्या जळाल्या, अर्ज राहिले. आज काही घरांची १८५१ ची माहिती फक्त या पेन्शनच्या कागदांवर शिल्लक आहे.

सातारी_कंदी
ही वयाची भानगड आपल्याला नवी नाही. आमच्या आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिला तो.

अंजनगावची_सुर्जी
+१. आमचे बाबा, तिन्ही काका, आणि म्हैस विकणारे शेजारी. सगळे १ जून.

माशेलचो_भुरगो
लिमयेभाऊ, एक विचारतो. आमच्या गोंयांत लोक आज्याची जल्मनोंद सोदतात ती पोर्तुगीज पासपोर्टाक. आयर्लंडचंही तसंच ना? अबोलीबाय, खरं सांगा, पासपोर्ट पाहिजे ना?

लिमरिकचा_लिमये
आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर परदेशी जन्मांच्या वहीत नाव घालून नागरिकत्व मिळतं. पणजीवर साबांना काही मिळणार नाही.

अबोली_क्लाइडकाठ
साबा ग्लासगोच्या बाहेर जायला तयार नसतात, पासपोर्ट कसला घेऊन बसलात!

नेटका_संसार
डीएनए करून टाका ना. थुंकलं की झालं.

डंडीकर_आजोबा
डीएनए भावंडं दाखवेल, वाडी नाही दाखवणार. दूरचा चुलतभाऊ निघाला आणि त्याला वाडी माहीत असली तर उपयोग. नाहीतर 'तुम्ही आयरिश आहात' हे कळायला पैसे. ते साबांना माहीत आहे.

आणि लोकांनी नेटवर चढवलेल्या वंशवृक्षांपासून सांभाळून. माझ्या शेजाऱ्याने एका कंपनीचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं, टिचकीवर टिचकी मारली आणि तीन दिवसांत थेट स्कॉटलंडचा जुना राजा रॉबर्ट ब्रूसपर्यंत पोचला. मध्ये एक आई मुलापेक्षा चार वर्षांनी लहान होती.

सातारी_कंदी
सगळे ब्रूसचे. आपल्याकडे सगळे शहाण्णव कुळी. शिपाई कुणाचाच पूर्वज नाही.

खडकीचा_दगड
आणि वर तो घराण्याचा चौकडा! १८२२ ला राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला यायचा होता, वॉल्टर स्कॉटने स्वागताची आखणी केली आणि सगळ्यांना टार्टन, म्हणजे चौकड्याचं कापड, नेसून बोलावलं. कुठल्या घराण्याचा कुठला चौकडा, हे बरंचसं त्यानंतर कापडवाल्यांनी पक्कं केलं.

शिवणटिपण
कापडवाल्यांना नावं ठेवू नका हं.

अबोली_क्लाइडकाठ
लग्नाचा दाखला मिळाला!! १८७८, गोर्बल्स. ब्रिजेट गॅलाहर, वय २३, सूतगिरणीत कामगार. वडील शेतकरी, मयत. आई अ‍ॅन, माहेरची बॉयल. सहीच्या जागी फुली, दोन्ही बाजूंना 'तिची' 'खूण'. आपल्याकडचं नि. डा. अंगठा आठवलं. पण गाव नाहीच. मृत्यूचा दाखलाही काढला, तिथेही नाही.

डंडीकर_आजोबा
अ‍ॅन बॉयल हे सोनं आहे. पहिल्या मुलीचं नाव काय?

अबोली_क्लाइडकाठ
नॅन्सी. का?

डंडीकर_आजोबा
नॅन्सी म्हणजे अ‍ॅनच. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. सगळे पाळत नसत, पण पाळलं असेल तर नावं आपोआप ताळा देतात. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं, फक्त इथे आजीलाही रांगेत जागा.

कोवळी_पालवी
आजोबा, माझे सासरचे फाइफचे आहेत. १८५५ च्या आधी काय करायचं?

डंडीकर_आजोबा
चर्चच्या जुन्या वह्या. सर्वांत जुनी पर्थशायरमधल्या एरलची, १५५३ पासून. पण भरवसा नको. १७८३ ला प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसला, लोकांनी पोरांची नावं नोंदवणंच सोडलं. तो १७९४ ला उठला. मग १८४३ ला चर्च फुटलं, एक तृतीयांशाहून जास्त पाद्री बाहेर पडले, त्यांच्याकडे झालेले बाप्तिस्मे जुन्या वहीत नाहीत. त्याऐवजी कर्क सेशनच्या वह्या वाच. गावचे वडीलधारे बसून कोण रविवारी प्यालं, कुठल्या पोरीच्या पोटातलं मूल कुणाचं, याची चौकशी करत आणि शब्दन् शब्द लिहीत. साइटवर नुसत्या वाचायला फुकट आहेत. चारित्र्यवान पूर्वज तिथे सापडत नाहीत.

अबोली, त्यावरून एक विचारतो, राग मानू नकोस. ब्रिजेटचा नवरा लवकर गेला का?

अबोली_क्लाइडकाठ
हो. १८८९. गाडीवान होता. पदरात चार लेकरं.

डंडीकर_आजोबा
मग मिचेल लायब्ररीत जा, ग्लासगो शहराच्या दप्तराकडे. गरिबांच्या मदतीचे अर्ज बघायचेत म्हण. पॅरिशकडे मदत मागायला आलेल्याची चौकशी करायला इन्स्पेक्टर घरी जायचा. माणूस इथे सलग पाच वर्षं राहिलेला नसेल तर त्याला आयर्लंडला परत धाडता येत असे, म्हणून जन्मगाव ते बारकाईने विचारत. जनगणनेच्या कारकुनाला 'आयर्लंड' पुरत होतं. पैसे द्यायची वेळ आली की पॅरिशला वाडीसुद्धा लागायची.

अबोली_क्लाइडकाठ
मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितेय.

आजोबा, तुमच्या पाया पडते. सापडली.

जाडजूड वही, एक अर्ज म्हणजे एक पान. जानेवारी १८९०. वय ३४, विधवा, पत्ता त्याच गल्लीतला पण आता मागची खोली. चारही मुलांची नावं वयांसकट, सर्वांत धाकट्यापुढे बारीक अक्षरात 'खोकला'. खाली जन्मस्थान: वाडी, पॅरिश, डोनेगॉल, तिन्ही. वाडी द रॉसेस भागातली, समुद्राला लागून. इन्स्पेक्टरने ऐकलं तसं लिहिलंय, त्यामुळे नकाशावर ओळखायला लिमयेंना त्रास दिला. शेवटची ओळ वेगळ्या शाईत: पुअरहाउस (निराधारांना ठेवायची जागा) देऊ केलं, नाकारलं.

मग सरळ रस्ता. वाडी मिळाली तशी पॅरिशची वही मिळाली. लॅटिनमध्ये ब्रिजिडा, आई अ‍ॅना बॉयल. बाप जाकोबुस होता, मी तासभर जेकब शोधत बसले. लिमयेंनी सांगितलं जाकोबुस म्हणजे जेम्स. तिचा एक भाऊ वाडीतच राहिला. १९०१ ला ५१ वर्षांचा.

लिमरिकचा_लिमये
आणि १९११ ला?

अबोली_क्लाइडकाठ
७२. 😂

टपरीवाला
पेन्शन मिळाली की नाही म्हाताऱ्याला?

लिमरिकचा_लिमये
त्याचा अर्ज मिळाला तर कळेल. शोधतोय. आता मलाच झोप येत नाहीये.

मृण्मयी_ठाणे
साबा काय म्हणाल्या?

अबोली_क्लाइडकाठ
मला वाटलं रडतील. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "पॅरिशकडे हात पसरला होता तिने?" मग बराच वेळ काही नाही. शेजारणीला सांगू नकोस म्हणाल्या. त्यांच्या लहानपणीसुद्धा 'पॅरिशवर आहेत' ही शिवी होती म्हणे. मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती त्यांनी तीनदा वाचली. "नाकारलं," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर शेजारीणबाई आमच्या स्वयंपाकघरात बसून ते पान वाचताहेत.

फटकळ_मावशी
आवडल्या तुझ्या साबा.

नेटका_संसार
मूळ प्रश्न राहिला. त्या माणसाला पैसे दिले का?

अबोली_क्लाइडकाठ
नाही. डझनभर दाखले, बसभाडं आणि लायब्ररीच्या कँटीनमधली सुपं. उन्हाळ्यात साबांना घेऊन रॉसेसला जायचं ठरतंय. पासपोर्टचा विषय आता त्याच काढतात, माशेलकर.

शिवणटिपण
अभिनंदन अबोली! पण एक हिशेब डोक्यातून जात नाहीये. १८९० ला ३४, म्हणजे त्या फुगीर बाह्यांच्या फॅशनच्या वेळी ब्रिजेट चाळिशीला आलेली, चार पोरांची विधवा, मागच्या खोलीत राहणारी. फोटोतली मुलगी तू विशीची म्हणालीस.

अबोली_क्लाइडकाठ
हो. परवा मलाही तेच लक्षात आलं. नॅन्सी असेल का, की आणखी कुणी? साबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी तो फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय.